बिरान गेयचा पहारा

१५ एप्रिल

डॉक्टरबाईंनी कागद पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हाच समजलं. साखर.

"रोज चाला. गोड बंद. भात मुठीत मावेल एवढाच. आणि पाय जपा. जखम झाली तर लपवू नका. तीन महिन्यांनी या."

मी विचारलं, माझ्या आईचा पाय कापावा लागला होता, माझाही कापणार का? त्या म्हणाल्या, "ते बरंचसं तुमच्या हातात आहे." आणि पुढच्या बाईला हाक मारली.

आईचा पाय गेला तेव्हा ती गावाकडे होती आणि मी इथे डकारमध्ये शिवण शिकत होते. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. पट्ट्या होत्या, माश्या होत्या, आणि खोलीत एक वास होता. पुढे ती उठलीच नाही.

माझं शिलाईचं मशीन पायाचं आहे. पाय गेला तर आस्तू सेकच्या दुकानाला कुलूप. हे लिहितानाही पाय हलतोय, थांबत नाही.

चालायचं ठरवण्याची ही काही पहिली खेप नाही. मागच्या वेळी बूट घेतले होते, ते आता मुलगी बाजारात घालून जाते. त्याच्या आधी दोरीच्या उड्या. ती दोरी मेंढीच्या गळ्यात आहे. माझा माझ्यावर काडीचा भरवसा नाही.

१६ एप्रिल

रात्रभर विचार करून एक गोष्ट ध्यानात आली. घरात मला सगळे मान देतात, तिथंच घोळ आहे. मुलगी बोलणार नाही. नवरा इटलीत, तो फोनवर म्हणतो, "तुला बरं वाटेल तसं कर." देल्ला वन्सं तर मला बारीक होऊच देणार नाहीत. मला असं माणूस हवं ज्याने तोंडावर शिव्या घातल्या तरी मला रागावता येणार नाही.

असं माणूस दुकानासमोरच आहे. बिरान गेय, तुबा नावाच्या मसालेदार कॉफीचा गाडीवाला. आम्ही सेक, तो गेय, म्हणजे आमचं थट्टेचं नातं. पणजोबांच्याही आधीपासून सेकांनी गेयांना चोर म्हणायचं, गेयांनी सेकांना गुलाम म्हणायचं, खादाड दोघांनीही दोघांना म्हणायचं. जो रागावला तो हरला. आणि एकाने काही मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.

"ए गेय, एक काम आहे."

"गुलामाने मालकाला काम सांगायचं नसतं. बोल."

"रोज संध्याकाळी मला दुकानातून हाकलून काढायचं. समुद्राच्या रस्त्याला लावायचं. मी बहाणे सांगेन, ते ऐकायचे नाहीत."

"शिव्या घालू?"

"घाल."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

तो इतका खूश झाला की त्याने मला फुकट कॉफी दिली, आणि मी तोंडाला लावायच्या आत काढून घेतली. "यात साखर आहे, खादाडे!"

मग म्हणाला, "पण मीही येणार तुझ्याबरोबर. आणि मी बसलो तर तू मला उठवायचं. कबूल?"

"तुला उठवायला बंदरावरची क्रेन लागेल."

"कबूल का नाही ते सांग."

"कबूल रे बाबा, कबूल."

त्याने हात पुढे केला. गेय कधी हात मिळवत नाहीत सेकांशी, हात मिळवल्यावर बोटं मोजावी लागतात म्हणे. आज त्यानेच पुढे केला.

२३ एप्रिल

चाललो! सुंबेजूनच्या मासळीबाजारापर्यंत जाऊन आलो. सगळी तरणी पोरं समुद्राकाठी धावत असतात, उड्या मारत असतात, लोखंडी दांड्यांना लोंबकळत असतात. त्यांच्यामधून आम्ही दोघं. मी हलतडुलत, आणि माझ्यामागे बिरान ओरडत, "वाट द्या, वाट द्या, सेकांचं जहाज येतंय!" पोरं खरंच बाजूला होत होती.

मला घाम आला, त्याला तहान लागली. पाण्याच्या पिशव्या एकामागून एक फोडून पीत होता, आणि दर थोड्या वेळाने भिंतीमागे जात होता. मी म्हटलं, "गेय, समुद्र कमी पडला म्हणून भर घालतोस का?" हसून हसून माझीच वाट लागली.

जायचं ठरलंय ते ममेलच्या टेकडीवरच्या दीपगृहापर्यंत. आणि वर चढायचं, मध्ये न बसता. आज तिकडे बघितलं तर ते फार लांब दिसलं.

घरी आले की आरसा घेऊन तळवे बघते. बोटांच्या बेचक्या, टाचा, सगळं. एवढं लक्ष मी लग्नात मेंदी काढलेल्या पायांकडेही दिलं नव्हतं.

२ मे

परातीत हात घालून जेवणाऱ्यांनी पथ्य कसं पाळायचं, हे डॉक्टरबाईंना विचारायला हवं होतं. मुठीएवढा भात कोण मोजणार? सगळ्यांचे हात एकाच परातीत. मधोमध मासा, कसावा, कोबी. मी माझ्या पुढ्यातला कोपरा सावकाश खाते, तर देल्ला वन्सं माशाचा मोठा तुकडा तोडून माझ्याकडे ढकलतात. मी परत ढकलते. त्या पुन्हा ढकलतात. आज तो तुकडा इतक्या वेळा इकडून तिकडे गेला की शेवटी त्याचा भुगा झाला.

"वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय, काहीही सांगतील. लोक म्हणतील, भाऊ परदेशात आणि नणंदेने भावजयीला उपाशी ठेवलं. बघ तुझे गाल!"

गाल आहेत तसेच आहेत. पण वन्संना रडू आलं, म्हणून तो तुकडा मी खाल्ला. मग भातही खाल्ला. मग तळाची खरपूडही. आता पोट टम्म फुगलंय आणि चैन पडत नाहीये. उद्या बिरानला सांगावं की नाही?

३ मे

सांगितलं. त्याने गाडीवरची घंटा वाजवून गल्लीला सांगितलं. मला मासळीबाजाराच्या पुढे, पार विद्यापीठापर्यंत चालायला लावलं. तो मासळीबाजाराशीच थांबला.

१० मे

बिरान आता येत नाही. "राजे पायी चालत नसतात, गुलाम चालतात," म्हणाला. नवीन चपलेने अंगठ्याशी चावलंय म्हणे. एका पायात चप्पल, दुसऱ्यात जुनी कापडी सपाता. सगळ्या गल्लीला सांगतो, "सेकांनी करणी केली माझ्यावर."

मी एकटी गेले. एकटीने चालताना मन फार भटकतं. आई, इटली, न शिवलेले कपडे, पुन्हा आई. तो मागून ओरडत असला की विचारांना जागाच नसते.

त्याने मला उठवायचं आणि स्वतः बसायचं, हा चांगला सौदा आहे. राजा म्हणे.

२२ मे

तबास्की, म्हणजे बकरी ईद, तोंडावर आली. सगळ्या डकारला एकाच दिवशी नवे कपडे हवेत आणि सगळे माझ्या दारात. मी सगळ्यांना "हो, हो, नक्की" म्हणते. आमच्या धंद्यात हो म्हणायला सुरुवात केली की थांबता येत नाही.

बिरान कापड घेऊन आला. निळं, चमकदार, महागातलं. सोबत मागच्या सणाचा अंगरखा. "यंदाही असाच शीव, फक्त मी जास्त देखणा दिसायला हवा."

जुना अंगावर चढवायला लावला. खांदे घसरले. पोटाशी माझ्या दोन्ही मुठी आत गेल्या.

"हे कसं झालं रे?"

"तुझ्यावर ओरडून ओरडून. मी वितळतोय, सेक."

कारागीर हसले, गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही, खरं सांगायचं तर जळफळाट झाला. चालते मी, घाम गाळते मी, वन्संशी भांडते मी, आणि बारीक होतो हा! स्टुलावर बसून, दिवसभर गोड कॉफी ढोसून! तो गेल्यावर स्वतःला टेप लावला. थोडा फरक आहे. थोडाच. देवाकडेही गेयांची वशिलेबाजी चालत असणार.

१ जून

चार दिवस चालायला गेले नाही. शिवण, शिवण, शिवण. बिरान रोज समोरून ओरडायचा, मी रोज "उद्या नक्की" म्हणायची. गिऱ्हाइकांना म्हणते तेच, त्याच सुरात.

आज तो लंगडत दुकानात आला आणि सगळ्या बायकांसमोर उभा राहिला. "आयाबायांनो, आपापलं कापड उचला आणि घरी जा! जी स्वतःला दिलेला शब्द पाळत नाही ती तुमचा काय पाळणार?"

बायका खो खो हसल्या. एकीने मात्र खरंच आपलं कापड काढून घेतलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण रागवायचं नाही. रागावले तर सेक हरले. मी कात्री ठेवली आणि निघाले. रागारागात कुठे पोचले असेन? दीपगृहाच्या टेकडीच्या पायथ्याशी! वर बघितलं, चढले नाही. पण पोचले, स्वतःच्या दोन पायांनी.

परत आले तर तो स्टुलावर बसलेला, पाय बादलीवर टेकवून. मी त्याच्यासमोर नाचून दाखवलं. त्याने डोळे बारीक केले. "कोण, सेक आहेस का? मला वाटलं कुणाचीतरी मेंढी सुटली."

मी म्हटलं, चष्मा घे, म्हाताऱ्या.

९ जून

आज एक गंमत झाली. संध्याकाळी निघताना मी गाडीपाशी थांबले. तिथे पाचसहाजण कॉफी पीत होते. बिरान म्हणाला, "आस्तू."

कधी नाव घेत नाही तो माझं. सेक, गुलाम, खादाडे, जहाज, सगळं म्हणतो. नाव ऐकूनच मला हसू फुटलं.

"आस्तू, ऐक. माझा पाय बरा नाही."

"बरा कसा असेल? गेयांचे पाय चोरी करून पळायला केलेले असतात, चालायला नाही."

सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. मग म्हणाला, "बरं बोललीस," आणि पेले पुसायला लागला. एकंदरीत आजची बाजी सेकांची.

१५ जून

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कारागीर तिथेच झोपतात. मी उभ्यानेच काज करते.

कॉफीची गाडी कालपासून नाही. गावाला गेला असेल, मेंढा आणायला. खरं लिहू? बरं वाटलं. कुणी ओरडत नाही. चालायला गेले नाही, आणि कुणाला कळलंही नाही. त्याचा निळा अंगरखा तयार आहे, कमरेत चांगला आत घेतलाय. खिळ्याला टांगून ठेवलाय.

मधूनमधून समोर बघते. मोकळी जागा विचित्र दिसते.

१७ जून, तबास्की

नमाज झाली, मेंढा कापला, शेजाऱ्यांकडे वाटे गेले. मेंढ्याचं डोकं मी बाजूला ठेवलं. दर वर्षी बिरान दारात येऊन बोंब ठोकतो, "गुलामांनो, मालकाचं डोकं आणा!" आम्ही देत नाही, मग तो उंबऱ्यावर लोळण घेतो, मग देतो. इतकी वर्षं हे ठरलेलं.

दुपार झाली, आला नाही. नवे कपडे घालून सगळी गल्ली इकडून तिकडे फिरतेय, आणि त्याचा अंगरखा माझ्या खिळ्यालाच. वन्सं म्हणाल्या, "गावी असेल." मीही म्हटलं, गावी असेल. पण गावी जाणारा माणूस सणाचे कपडे ठेवून जाईल का?

जेवण गेलं नाही. वन्संनी काही ढकललंही नाही माझ्याकडे. एका ताटात डोकं झाकून घेतलं, खांद्यावर अंगरखा टाकला, निघाले.

१८ जून

काल पुढचं लिहिता आलं नाही.

बिनेताने, त्याच्या बायकोने, दार थोडंसं उघडलं. म्हणाली, "ते झोपलेत, नंतर ये." पण दारातून वास आला. मी ताट तिथेच जमिनीवर ठेवलं. आईच्या खोलीतला वास. इतक्या वर्षांत विसरले नव्हते तर.

आत गेले. पाय चादरीखाली होता. चादर मी काढली. अंगठा काळा, आणि काळं वर चढत चाललेलं.

"गेय! हे काय आहे?"

तापात होता, तरी म्हणाला, "सेकांची करणी."

मी ओरडले, रडले, शेजारची पोरं बोलावली, टॅक्सी आणली. टॅक्सीत त्याचं डोकं बिनेताच्या मांडीवर आणि पाय माझ्या. पाय कढत होता. नवा पांढरा झगा घातला होता मी, त्याची मला शुद्ध नव्हती.

२० जून

अर्धं पाऊल कापलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर गुडघ्यापासून, किंवा माणूसच.

दवाखान्याच्या बाकावर बिनेता बोलत होती. साखर त्याला गेल्या वर्षीच सांगितली होती. त्याने कागद चुलीत घातला. "मग रमजान ईदनंतर एक दिवस हसत घरी आले. म्हणाले, आता सेक मला सोडणार नाही, आता मी बरा होणार. ती मला उठवणार आहे, कबूल केलंय तिने."

क्रेन लागेल म्हणाले होते मी.

पाणी, भिंतीमागे जाणं, सपाता, अंगरख्यात मावलेल्या माझ्या दोन मुठी, मला मेंढी समजणं. सगळं मी पाहिलं, सगळ्यावर हसले, सगळं घरी येऊन इथे लिहिलं. आणि रोज आरशात स्वतःचे तळवे तपासले. त्याने मला नावाने हाक मारली होती. मी त्यावरही हसले.

मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

३० जून

चालत नाही. समुद्राकडे तोंड करवत नाही. दुकानात मशीनवर बसते आणि पाय तसाच ठेवते, हलवत नाही.

८ जुलै

बिरान घरी आला, पण भिंतीकडे तोंड करून पडलाय. कुबड्या कोपऱ्यात. बिनेता हात जोडते, इमामसाहेब समजावतात, मुलगा मान खाली घालून उभा. सगळे हळू आवाजात, आदराने. तो हलत नाही.

मी शेजारी बसले. सगळं मनात जुळवून आले होते. "बिरान, मला माफ कर. तू सांगत होतास, मी ऐकलं नाही."

तो भिंतीशीच बोलला. "सेक खरं बोलायला लागली. म्हणजे मी मरणार."

मी उठले, दार सताड उघडलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "ए चोरा! ए गुलामाच्या गुलामा! मेंढ्याचं अख्खं डोकं तुझ्या दारात टाकून गेले, ते फुकट गेलं, आणि तू आता अंथरूण पण खाणार का? अर्धं पाऊल कापलं तर अर्धं उरलंय ना? तेवढ्यावर गेय पळून जातील, सगळं डकार जाणतं! ऊठ! मी मागतेय. नाही म्हणता येत नाही तुला!"

बिनेताने तोंडावर ओढणी घेतली. इमामसाहेब खाली बघायला लागले. बिरानचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. वळला तेव्हा दिसलं, हसतही होता.

"कुबडी दे, खादाडे."

दारापर्यंत आला. उंबऱ्यावर धापा टाकत बसला. मी म्हटलं, "आता ऐक. थट्टा चालू राहील, मरेपर्यंत. पण खरं असेल तेव्हा नावाने हाक मारायची. मग कुणी हसायचं नाही. मीही नाही, तूही नाही. कबूल?"

"क्रेन लागेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "कबूल."

१५ जुलै

सकाळी डॉक्टरबाईंकडे. साखर उतरलीय, पण हवी तेवढी नाही. "चालणं मध्ये सोडलं होतं का?" विचारलं. मी हो म्हटलं. बहाणा सांगितला नाही.

संध्याकाळी समोरून, रिकाम्या जागेवरून आरोळी आली. बिरान मुलाच्या आधाराने तिथपर्यंत आला होता, निळा अंगरखा घालून. पुन्हा ढगळ झालाय तो. "सेक! अजून खुर्चीला चिकटलेली? निघ!"

मी म्हटलं, "तूही." दीपगृह नाही, मासळीबाजारही नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत. मुलगा मागे राहिला. दोन्ही बाजूंनी लोक बाहेर येऊन बघत होते, हसत होते, सेकांच्या आणि गेयांच्या बाजूने ओरडत होते. मी त्याला चोर म्हणत होते, तो मला जहाज म्हणत होता, कुबड्या टकटक वाजत होत्या.

नळापाशी तो थांबला.

"आस्तू," तो म्हणाला. "दुखतंय."

सगळी गल्ली माझ्या उत्तराची वाट बघत होती. काहीजण आधीच हसायला लागले होते.

मी खाली बसले, त्याचा पट्टी बांधलेला पाय हातात घेतला आणि विचारलं, "कुठे, बिरान?"